चोवीस ठिपक्यांचा कंडक्टर

गेले तीन महिने माझ्या रात्री एका माणसाला चालायला शिकवण्यात जातायत. माणूस उंचीला चोवीस ठिपके, रुंदीला सोळा. खाकी कपडे, अंगावर चामड्याची बॅग, नाकाखाली मिशी. ऑफिसचं काम संपलं, घरात निजानीज झाली की मी याला घेऊन बसतो. बायको म्हणते, स्वतःच्या पोरीला चालायला शिकवताना इतका जागला नव्हतास. खरं आहे तिचं. पण पोरगी आपली आपण शिकली, हा शिकत नाही त्याला काय करू!

तर झालंय असं की मी एक छोटासा व्हिडिओ गेम बनवतोय. विकायचा वगैरे काही विचार नाही, आपली हौस. गेम एसटीचा आहे. लाल गाडी कराडहून निघते, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरते आणि चिपळूणला पोचते. खेळणारा कंडक्टर. पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं काढायची, सुट्टे परत करायचे, उतरणाऱ्याला उतरवून डबल बेल द्यायची. एवढाच खेळ. माझे आप्पा या रस्त्यावर कित्येक वर्षं कंडक्टर होते, त्यामुळे नायक कोण हे शोधायला लांब जावं लागलं नाही.

गेममधल्या अशा हलत्या चित्राला स्प्राइट म्हणतात, आणि ठिपका ठिपका हाताने बसवून काढलेल्या चित्राला पिक्सेल आर्ट. आमच्या घरात हे समजावून सांगायला काही त्रास पडला नाही. आईने आयुष्यभर दुसूतीवर फुल्या भरल्या आहेत. टीव्हीवर टाकायचे रुमाल, उशांचे अभ्रे, ते भिंतीवरचे दोन मोर... सगळं मोजून. तिने माझ्या स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे तर दुसूतीचंच काम आहे की. फक्त तुला उसवायला सोपं." झालं, माझं सगळं व्याख्यान तिने एका वाक्यात गुंडाळून ठेवलं.

उसवायला सोपं हे मात्र खरं नाही हो. चोवीस ठिपक्यांच्या माणसात एक ठिपका इकडचा तिकडे झाला की माणूस बदलतो. डोकं आठ ठिपक्यांचं धरलं तर चेहऱ्याला जेमतेम पाच-सहा उरतात. त्यात डोळा, नाक, मिशी, टोपी काय काय बसवणार? ही अडचण जुनी आहे. १९८१ साली 'डाँकी काँग' या गेमसाठी शिगेरू मियामोतोने जो छोटा माणूस काढला, तोच पुढे मारिओ म्हणून जगभर गाजला. त्याला मिशी का? तर एवढ्याशा चेहऱ्यात नाक आणि तोंड वेगळं दाखवता येईना, मिशी काढली की तोंडाचा प्रश्नच मिटतो. टोपी का? केस काढायला नकोत म्हणून. आणि तो डांगरीसारखा पोशाख अशासाठी, की चालताना हात अंगापासून वेगळे दिसावेत. आपण ज्याला त्याचं व्यक्तिमत्त्व म्हणतो ते सगळं अडचणीतून आलेलं आहे. पुढे निन्टेंडोचा घरगुती खेळ आला त्यात तर एका स्प्राइटच्या तुकड्याला तीनच रंग मिळायचे, चौथा पारदर्शक. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' तेवढ्यात काढलाय. ढग आणि झुडूप एकच आकार, रंग फक्त वेगळा. लहानपणी शंभर वेळा खेळूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

आप्पांना मिशी आहेच, त्यामुळे माझं तोंडाचं काम वाचलं. बाकी मात्र मी नवशिक्या करतो त्या सगळ्या चुका केल्या. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून मध्ये मध्ये फिके ठिपके पेरत गेलो, तर माणूस धुरकट झाला. सावली द्यायची म्हणून कडेला गडद, मध्ये उजळ असं सगळीकडून सारखं भरलं, तर शर्टाची उशी झाली. (याला खरोखरच उशीची सावली असं नाव आहे, आणि ही चूक सगळेच करतात हे वाचून बरं वाटलं.) उजेड एका बाजूने येतो हे ठरवायचं आणि मग त्याच्याशी इमान राखायचं. शिवाय खाकी रंगाची सावली म्हणजे जास्त काळी खाकी नव्हे. उजेडाकडे तो थोडा पिवळ्याकडे झुकवावा लागतो आणि सावलीकडे थोडा हिरव्या-जांभळ्याकडे, तेव्हा कुठे कापड वाटतं. नाहीतर मातीचा पुतळा.

खांदा आणि दंड यांच्यामध्ये मी बाह्याकृतीची काळी रेघ ओढली होती. आईने चष्मा कपाळावर नेला, स्क्रीनजवळ नाक आणलं आणि म्हणाली, "ही ओळ काढ. तिथं कापड आहे हे बघणाऱ्याला कळतंय." काढली. खांदा जिवंत झाला. मग ती रोज रात्री झोपण्याआधी एक फेरी मारायला लागली. "हा एक टाका जास्त झालाय" म्हणायची आणि जायची. कुठला ते शोधायचं काम माझं.

आप्पांची गोष्ट वेगळी. ते आणि आई पुण्याला आमच्याकडे आलेत ते त्यांच्या मोतीबिंदूसाठी. दोन्ही डोळ्यांत पिकलाय. त्यांना स्क्रीनवर काय दिसणार म्हणून मी दाखवलंच नव्हतं. खरं कारण सांगायचं तर धीर होत नव्हता. शेवटी एका रविवारी त्यांना खुर्चीत बसवलं आणि चित्र मोठं करून दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले,

"ह्यो कोण, पोस्टमन?"

माझं तोंड बघून आई हसत सुटली. पण नंतर विचार केला तेव्हा पटलं. पिक्सेल आर्ट करणारे डोळे बारीक करून, लांब जाऊन आपलं चित्र बघतात ते याचसाठी. बारकावे पुसले गेले की नुसता आकार उरतो, आणि त्या आकारात माणूस ओळखू आला तरच तो आला. आप्पांना मोतीबिंदूमुळे ती सोय आपोआप झाली होती. खाकी कपडे आणि अंगावर पिशवी, म्हणजे पोस्टमनच! मी बिनधास्त पोस्टमन काढला होता आणि त्याला कंडक्टर म्हणत होतो.

मग तिकिटांची पेटी आली. मशीन यायच्या आधीची, पत्र्याची, आत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या लावलेली. डाव्या हातावर ती, उजव्या हातात पंच. गड्ड्यांना मी चार ठिपके दिले: गुलाबी, पिवळा, हिरवा, पांढरा. आप्पांना गुलाबी दिसला. म्हणाले, "आता कंडक्टर." क्षणभर थांबून पुढे, "पण उभा हाय."

म्हणजे चालत नव्हता. चालवायचं तर चित्र एक पुरत नाही. एक पाय पुढे टेकलेला, मग गुडघ्यात वाकून अंग खाली आलेलं, मग मागचा पाय जवळून जाताना, मग अंग वर उचललेलं, आणि तेच परत दुसऱ्या पायाचं. ॲनिमेशन शिकवणारे सगळे हेच शिकवतात. माझ्याकडे आठ फ्रेमची चैन नव्हती, सहात भागवलं. प्रत्येक फ्रेम एक दशांश सेकंद. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी टाळी वाजवली. लेक नऊ वर्षांची आहे, तिने शांतपणे बघून सांगितलं, "बाबा, हा चालत नाहीये, स्केटिंग करतोय." बरोबर होतं. चित्रातला टेकलेला पाय एका फ्रेमला दोन ठिपके मागे जात होता आणि प्रोग्रॅम माणसाला तीन ठिपके पुढे ढकलत होता. फरक एका ठिपक्याचा, पण पाय जमिनीला लागतच नाही. आकडा बदलला, पाय टेकला.

उलट्या दिशेला जाण्यासाठी मी तेच चित्र आरशातल्यासारखं फिरवलं. सगळेच करतात, निम्मं काम वाचतं. 'स्ट्रीट फायटर'मध्ये सॅगट नावाचा एक डोळा झाकलेला पैलवान आहे, तो वळला की त्याची पट्टी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जाते. लाखो लोकांनी खेळला, कुणाचं काही अडलं नाही. आप्पांचं अडलं. "बॅग डाव्या अंगाला गेली की रं. सुट्टं काय डाव्या हातानं काढायचं?" आता हे त्या धूसर डोळ्यांना कसं दिसलं देव जाणे. डावीकडे जातानाच्या सहाही फ्रेम नव्याने काढायला घेतल्या.

एवढं करूनही तो कंडक्टर नव्हता. खाकी घातलेला, पेटी धरलेला कुणीतरी माणूस बसमधून बागेत फिरल्यासारखा चालला होता. खालून गाडी हलतेय, खिडकीतून झाडं पळतायत, आणि हा आपला सरळ. मी गाडी हलली की त्यालाही एक-दोन ठिपके हलवून बघितलं. मग तो नवखा प्रवासी दिसायला लागला, जो धडपडत सीट शोधतोय.

इथे मला जॉर्डन मेकनर आठवला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोरून खेळलेल्या माझ्या पिढीला तो राजपुत्र सांगायला नको. धावता धावता थांबताना घसरायचा, कठड्याला लटकायचा, उडी चुकली की जीव खालीवर व्हायचा. १९८९ साली ॲपल टू या बारक्या कॉम्प्युटरसाठी तो गेम आला. त्याच्या आधी, १९८५ मध्ये, मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं. टीव्हीवर चित्र थांबवून त्याचे फोटो काढले, त्यावर मार्करने आकृती पक्क्या केल्या आणि त्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या. राजपुत्र इतका खरा वाटतो, कारण तो कुणाचा तरी खरा भाऊ आहे. (गेमचं संगीत मेकनरच्या वडिलांचं. अख्खं घर कामाला लावलं होतं पठ्ठ्याने.)

तर मला आप्पांच्या चालण्याचं शूटिंग हवं होतं, चालत्या गाडीतलं. ते कुठून असणार? आमच्याकडे मावशीच्या लग्नाची एक कॅसेट आहे, त्यात आप्पा बुंदी वाढतायत. ठीक, मग आठवणीतून काढू म्हटलं. लहानपणी त्यांच्या गाडीतून मी कितीतरी वेळा गेलोय. डोळे मिटून बसलो. खिडकीचे गज आठवले. गजांना येणारा लोखंडाचा वास आठवला. कोयनेचं पाणी आठवलं, घाटातलं धुकं, पंचाचा दांडीवर होणारा टकटक आवाज, तिकिटामागे लिहून दिलेले उरलेले सुट्टे. आप्पा चालताना काही केल्या आठवेनात. कारण त्यांच्या गाडीत मी नेहमी खिडकीतून बाहेर बघत असायचो.

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. घरातले लोकही हे वाचतात. पण आता लिहितोच.

पाचवीला मला गावातून कराडच्या शाळेत घातलं. तिथे मी मुलांना सांगितलं होतं की माझे वडील एसटीत आहेत, ऑफिसात. खोटं म्हणावं तर अर्धंच खोटं. सातवीत असताना एका रविवारी आम्ही चौघं पाटणकडच्या एका मित्राच्या गावी जत्रेला निघालो. आप्पांची ड्यूटी त्या दिवशी दुसऱ्या गाडीवर होती, म्हणून मी निर्धास्त होतो. स्टँडवरून गाडी हलली आणि मागून पंचाचा टकटक आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. ड्यूटी बदलली होती.

आमच्या सीटपाशी आले. "कुठं?" मित्राने चौघांचं गाव सांगितलं आणि वर "चार हाफ". आप्पांनी एकेकाला वय विचारलं. बारा पूर्ण झाली का? पहिला नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, तिसराही. माझी पाळी आली. मी खिडकीबाहेर बघत "नाही" म्हणालो. त्यांनी तीन हाफ आणि एक फुल फाडलं. फुल माझ्या हातात दिलं, पैसे घेतले, उरलेले सुट्टे दिले आणि पुढच्या सीटकडे गेले. जत्रेसाठी जपलेले पैसे गेले ते गेलेच. शिवाय पोरं दिवसभर विचारत होती, तुलाच का रे फुल? उंच दिसतोस म्हणून असेल, असं आपलं मी काहीतरी सांगितलं. बारा पूर्ण होऊन मला दोन महिने झाले होते, आणि हे त्या गाडीत दोनच माणसांना माहीत होतं.

घरी यावर ते काही बोलले नाहीत, मीही नाही. आज या गोष्टीला पस्तीस वर्षं होतील.

असो. स्प्राइट अडला होता. मग मी आप्पांना म्हणालो, तुम्हीच चालून दाखवता का? मला वाटलं नाही म्हणतील. गुडघे दुखतात, डोळ्यांचं हे असं, वय चौऱ्याहत्तर. पण ते लगेच उठले. हॉलमध्ये दिवाण आणि जेवणाचं टेबल यांच्यामध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा लावल्या. मधली वाट किती ठेवायची ते त्यांनी स्वतः हाताने मापून सांगितलं, आणि ती मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच अरुंद निघाली. लेक पुढे ड्रायव्हर. हॉर्नसकट. आई मागच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन प्रवासी. आप्पांच्या डाव्या हातावर मसाल्याचा डबा ही पेटी, उजव्या हातात माझा स्टेपलर हा पंच. मी मोबाइल घेऊन शूटिंगला. म्हटलं, मेकनरला भाऊ मिळाला, आपल्याला आप्पा.

आणि ते चालले. अहो, काय सांगू! माणूस बदलला. घरात भिंतीला हात लावत चालणारे आप्पा त्या दोन रांगांमध्ये शिरले आणि कशालाही हात न लावता पार ड्रायव्हरपर्यंत गेले.

"दोन्ही हात कामात असत्यात," ते शिकवत होते, "मग धरायचं कशानं? मांडीनं. सीटच्या दांडीला मांडी लावायची, काम करायचं, सोडायची, फुडची धरायची. पाय सरळ टाकायचा न्हाई. एक सरळ, एक आडवा. सरळ टाकलास की गेलास कुणाच्या तरी मांडीवर."

लेकीने जोरात ब्रेक मारला. म्हणजे तोंडाने "कर्रर्र" केलं. आई दचकल्याचं नाटक करून पुढे झुकली. आप्पा झुकले नाहीत. मी म्हणालो, आप्पा, ब्रेक लागला, तुम्ही पण झुका की थोडे. तर म्हणाले, "मी आधीच झुकलो. तुझं ध्यान नव्हतं."

मी शूटिंग परत लावून बघितलं. लेकीने "कर्रर्र" करायच्या आधी तोंड उघडून श्वास घेतला होता, त्या क्षणी आप्पांनी मागच्या पायावर भार घेतला होता. मी विचारलं, खऱ्या गाडीत कसं कळायचं? ते म्हणाले, गाडी आधी सांगते. घाटात वळण यायच्या आधी ड्रायव्हर गिअर उतरवतो, इंजिनाचा आवाज चढतो, तेव्हाच कंडक्टरने वळणाच्या उलट्या अंगाला कंबर द्यायची. "पाशिंजर गाडीच्या मागनं हलतंय. कंडक्टर गाडीच्या आधी."

आता ॲनिमेशनच्या पुस्तकात हे आहे. डिस्नीच्या दोन जुन्या चित्रकारांनी, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात बारा नियम दिले आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही हालचालीआधी तिची पूर्वतयारी दाखवावी. उडी मारायच्या आधी माणूस खाली बसतो, चेंडू टाकायच्या आधी हात मागे जातो. मला हा नियम पाठ होता. पण तो मी उडीला लावत होतो, चालीला नाही. गाडी हलल्यावर कंडक्टरला किती हलवायचं यातच मी महिनाभर गुंतलो होतो, आणि तो हलायला हवा होता गाडीच्या आधी.

त्या रात्री आकृतीतला एकही ठिपका बदलला नाही. फक्त वेळ बदलली. गेम सेकंदाला साठ वेळा हलतो. प्रवाशांना ब्रेकनंतर सहा टप्प्यांनी पुढे झुकवलं, म्हणजे एक दशांश सेकंद उशिरा. कंडक्टरची कंबर ब्रेकच्या बारा टप्पे आधी एक ठिपका मागे घेतली. एकच ठिपका हां. डोकं जागच्या जागी, पेटी जागच्या जागी, बॅगेचा आकारही तोच, फक्त तिच्यावरचा चमकेचा ठिपका शेजारी सरकवला की ती लोंबकळल्यासारखी दिसते. चालू केलं. घाटातल्या पहिल्या वळणावर सगळी गाडी एका बाजूला कलली आणि मधोमध तो चोवीस ठिपक्यांचा माणूस, दोन्ही हात कामात, सरळ उभा. रात्रीचा दीड वाजला होता, नाहीतर सगळ्यांना उठवलं असतं.

शूटिंगच्या दिवशीच मी आप्पांना ते विचारलं होतं. खुर्च्या परत लावत होतो, आई आत चहा टाकायला गेली होती. म्हणालो, आप्पा, तुम्ही एकदा मला फुल तिकीट फाडलं होतं, आठवतंय? जत्रेला चाललो होतो. ओळख पण नाही दाखवलीत.

"कवा?" म्हणाले. मी सांगितलं. ते स्टेपलर हातात घेऊन उगाच टकटक करत राहिले.

"मागल्या बाकावर तपासनीस बसला हुता," ते म्हणाले. "कंडक्टरचंच पोरगं हाफवर घावलं असतं तर? नोकरीवर आलं असतं."

मला एकदम हलकं वाटलं. पस्तीस वर्षं मी डोक्यात काय काय रचून बसलो होतो, आणि कारण इतकं साधं! मी हसलोही. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट बसलंय का ते बोटांनी चाचपलं.

"आन तू भायेर बघत हुतास," म्हणाले.

तेवढ्यात चहा आला.

गेममध्ये आता बावीस प्रवासी झालेत. टोपलीवाली बाई, झोपलेला म्हातारा, कोंबडी घेऊन चढणारा एकजण (कोंबडीला चार फ्रेम, प्रवाशांत सगळ्यात जास्त मेहनत तिच्यावर झाली आहे). खिडकीशी एक मुलगाही आहे. त्याची मी सुरुवातीला एकच फ्रेम काढली होती, पाठमोरी, कारण बाहेर बघणाऱ्याला हलायचं काही काम नसतं. परवा त्याला दुसरी काढली. कंडक्टर शेजारून पुढे गेला की तो मान वळवतो. बघणाऱ्याच्या लक्षात येईलच असं नाही, तीन ठिपक्यांचा फरक आहे.

गेल्या आठवड्यात आप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. गाडी घाटात होती. कोयनानगर मागे पडलं, घाटमाथा गेला, पोफळी आली तरी काही बोलेनात. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं म्हणणार.

"बिल्ला कुठाय?" म्हणाले.

पितळेचा बिल्ला, डाव्या खिशावर. तो नसला तर म्हणे ड्यूटीवर घेत नसत. डाव्या खिशावर म्हणजे माणूस डावीकडे जाताना पूर्ण दिसणार आणि उजवीकडे जाताना जेमतेम कडेला. एक पिवळा ठिपका. पण बाराही फ्रेममध्ये, आणि प्रत्येक फ्रेममध्ये छाती वेगळ्या जागी. आत्तापर्यंत सात झाल्यात. दुसऱ्या डोळ्याची तारीख येत्या मंगळवारची आहे, त्याच्या आत बाकीच्या पाच उरकायला हव्यात.